सावली मोजत फिरलेले चार दिवस

पहिला दिवस, १३ मे : गिरगाव आणि लॅमिंग्टन रोड

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरले आणि थोड्याच वेळात गिरगावात आत्याच्या चाळीत पोचले. साताऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे सौरघटाचा, म्हणजे उन्हातून वीज करणाऱ्या घटाचा, धडा फळ्यावर तीन आकृत्या काढून उरकला. निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवर पॅनेल बसवली, तेव्हा तो विषय पुन्हा डोक्यात शिरला. साताऱ्यात गच्ची स्वतःची असते आणि वर मोकळे आकाश असते. तिथे ऊन पकडायला फारशी कल्पकता लागत नाही. जिथे गच्ची चाळीस बिऱ्हाडांच्या मालकीची आहे आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्याची खिडकी आहे, त्या मुंबईत हे काम कसे चालते ते पाहावे, म्हणून पिशवीत वीज मोजायचा मल्टीमीटर टाकून निघाले होते. मे महिना मुद्दाम निवडला होता. त्याचे कारण तिसऱ्या दिवशी येईल.

आत्याने कांदेपोहे आणि कैरीचे पन्हे पुढे ठेवले आणि येण्याचे कारण विचारले. मी सांगितले. "आमच्याकडे ऊन येतं गं, पण पाहुण्यासारखं," ती म्हणाली. "तीनला येतं, पाचला जातं. तेवढ्यात कपडे वाळवायचे." चाळीच्या गॅलरीत वर बांधलेल्या वळणीवर काठीने कपडे सरकवत ती हे बोलत होती. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या बाईला आपल्या गॅलरीत कोणत्या महिन्यात ऊन कोणत्या खांबापर्यंत येते हे तोंडपाठ आहे. पुढच्या चार दिवसांत मला जी माणसे भेटली, त्यांपैकी पॅनेल बसवणाऱ्या एकालाही आपल्या जागेची एवढी माहिती नव्हती.

तिच्या टेबलावर हिशेबाचा एक जुना कॅल्क्युलेटर होता. त्यात बॅटरी नाही; वरच्या बाजूला काळपट तांबूस रंगाची काचेची पट्टी आहे, तिच्यावर तो चालतो. खोलीत ट्यूबलाइटचा प्रकाश जेमतेम तीनशे लक्स (उजेड मोजायचे एकक) असेल. बाहेर भर दुपारी तोच आकडा एक लाखाच्या घरात जातो. एवढ्याशा उजेडात चालणारी ही पट्टी अस्फटिकी, म्हणजे अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसलेल्या, सिलिकॉनची असते. डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर व्रोन्स्की यांनी १९७६ मध्ये अशा घटांची पहिली माहिती प्रसिद्ध केली. गच्चीवरच्या पॅनेलमधील सिलिकॉनची चकती साधारण १५० ते १८० मायक्रोमीटर जाडीची असते, तर हा थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. उन्हात तो स्फटिकी सिलिकॉनच्या पासंगालाही पुरत नाही. दिव्याच्या प्रकाशात मात्र डाव उलटतो. खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश जवळजवळ सगळा दृश्य पट्ट्यात असतो आणि अस्फटिकी सिलिकॉन नेमका तोच पट्टा चांगला टिपते. शिवाय उजेड मंद असताना साध्या स्फटिकी घटात जी वीज आतल्या आत गळून जाते, ती इथे फारशी गळत नाही.

दुपारी इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर गेले. एका अरुंद दुकानात मालकाने बागेतल्या दिव्यांवर बसवतात तसले सहा व्होल्टचे छोटे पॅनेल माझ्या हातात दिले. मी मल्टीमीटर बाहेर काढताच तो हसला, "मॅडम, बिनधास्त मोजा." दारात, रस्त्यावरून परतलेल्या उजेडात, आकडा सहाच्या जवळ होता; दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात तो निम्म्याहूनही खाली आला. आत्याचा कॅल्क्युलेटर मी बरोबर नेला होता, तो त्याच कोपऱ्यात शांतपणे बेरीज करत होता. मालकाने तो प्रयोग शेजारच्या दुकानदाराला बोलावून पुन्हा करायला लावला आणि त्या आनंदात चहा मागवला.

तिथून मी एक वाकणारे वीस वॉटचे पॅनेल आणि त्याला जोडायचा बॅटरीचा दिवा घेतला. अशा पॅनेलला काच नसते. पातळ घट प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये दाबलेले असतात, त्यामुळे ते वहीच्या पुठ्ठ्यासारखे हलके होते. ही खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे पॅनेल भिंतीला किंवा पत्र्याला सपाट चिकटवू नये. मागून हवा खेळली नाही तर ते तापते आणि काचेच्या पॅनेलच्या मानाने फारच लवकर खराब होते. दोरीला टांगणे उत्तम. या भागातली दुकाने सकाळी उशिरा उघडतात आणि रविवारी बहुतेक बंद असतात, म्हणून आठवड्यातल्या दिवशी दुपारीच जावे.

परतताना पणशीकरांकडे पियुष घेतले. त्याविषयी जास्त लिहिले तर विषय भरकटेल.

दुसरा दिवस, १४ मे : मुलुंडची गच्ची

भाचा मुलुंडला राहतो आणि त्याच्या सात मजली सोसायटीने गेल्या वर्षी वीस किलोवॉटची पॅनेल बसवली आहेत. सकाळी उलट दिशेची लोकल असल्याने बसायला जागा मिळाली. "मावशी, गच्चीवर यायचं तर नऊच्या आत ये, नंतर उभं राहवणार नाही," असे त्याने बजावले होते. मी मुद्दाम अकरा वाजता वर गेले, कारण मला तापलेली पॅनेलच पाहायची होती.

मुंबईच्या सोसायटीची गच्ची ही काही रिकामी जागा नसते. तिथे पाण्याची टाकी, लिफ्टची मशीनरूम, डिशच्या छत्र्या, कुंड्या, दोऱ्या आणि मे महिन्यात पापड-कुरडया असतात. इथल्या बायकांनी अट घातली होती की वाळवणाची जागा जाणार नाही, म्हणून पॅनेल माणसाच्या उंचीपेक्षा वर लोखंडी सांगाड्यावर बसवली आहेत. खाली दोन आजी ओल्या सांडग्यांची राखण करत बसल्या होत्या. सावली झाली म्हणून त्या खूश होत्या. सांडगे मात्र त्यांनी सावलीच्या कडेपलीकडे, उन्हात मांडले होते. गच्चीला गळती थांबवण्यासाठी पांढरा लेप दिलेला आहे आणि पॅनेल दोन्ही बाजूंनी वीज करणारी आहेत, म्हणजे त्यांच्या पाठीलाही काच असून जमिनीवरून उसळलेला उजेड तिथून आत जातो. उंची आणि पांढरा रंग या दोन्ही गोष्टी वेगळ्याच कारणांसाठी झाल्या, पण पाठीकडच्या घटांना दोन्हींचा फायदा मिळतो. वाळवणाच्या हट्टातून इतकी चांगली रचना निघेल असे कोणाला वाटले नसेल!

भाच्याकडच्या थर्मामीटरने काचेवर ६१ अंश दाखवले. पॅनेलवर लिहिलेली क्षमता ही घटाचे तापमान २५ अंश आणि प्रकाश चौरस मीटरला १,००० वॉट धरून मोजलेली असते. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची क्षमता त्यापुढच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्क्याने उतरते. म्हणजे ३६ अंशांच्या फरकाला साडेबारा टक्क्यांची गळती. नव्या प्रकारच्या, ज्यांना विक्रेते टॉपकॉन आणि एचजेटी म्हणतात, त्या घटांत ही उतरण कमी असते. एचजेटीत ती ०.२५ च्या आसपास आहे. थंड देशात हा फरक किरकोळ वाटेल, पण मुंबईत वर्षभर तापणाऱ्या गच्चीवर विकत घेताना आधी हाच आकडा विचारावा, असे माझे मत झाले.

आता तक्रारीचा भाग. सोसायटीच्या सहा पॅनेलची एक रांग मशीनरूमच्या उत्तरेला आहे आणि हिवाळ्यात तिच्यातून फारच कमी वीज मिळाली. बसवणारा ठेकेदार पाहणीला आला होता मे महिन्यात, भर दुपारी. त्याने फोटो काढले, सावली कुठेच नव्हती. डिसेंबरात मुंबईचा सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे तीन मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेकडे पावणेतीन मीटर पडते आणि दुपार कलली की आणखी लांबते. सेक्रेटरींनी मला जानेवारीची बिले दाखवली. ते जुने बँक कर्मचारी, आकडे नीट लिहून ठेवणारे. "आम्ही त्यांना म्हटलं, बाबा, हिवाळ्यातही बघा. ते म्हणाले, सूर्य तोच आहे," एवढे बोलून त्यांनी वही मिटली.

एका कोपऱ्यातल्या सावलीने अख्खी रांग का बसते, हे मी त्यांना दादर स्टेशनच्या जिन्याचे उदाहरण देऊन सांगितले. पॅनेलमधले घट एकामागे एक जोडलेले असतात, आणि अरुंद जिन्यात एक माणूस चप्पल शोधायला थांबला की मागची सगळी रांग त्याच्याच गतीने चालते. त्यासाठी पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, बहुधा तीन. अडलेला गट वगळून वीज बाजूने जाते. जुन्या पद्धतीच्या उभ्या पॅनेलच्या खालच्या कडेवर पट्टीसारखी सावली पडली, तर तिन्ही गट एकदमच अडतात आणि डायोडही कामाला येत नाहीत. यावर निघालेली युक्ती साधी आहे, घट मधोमध कापायचे. बहात्तर घटांचे एकशे चव्वेचाळीस अर्धे घट होतात, वरचा निम्मा भाग आणि खालचा निम्मा भाग समांतर जोडतात. खालची कड अंधारली तरी वरचा भाग काम करत राहतो, शिवाय प्रत्येक घटातली विद्युतधारा अर्धी झाल्याने तारांत वाया जाणारी उष्णताही घटते. सोसायटीची पॅनेल याच जातीची आहेत. तरीही मशीनरूमची सावली वरपर्यंत चढते, तेव्हा उपाय एकच उरतो : ती रांग हलवणे.

ज्या सोसायट्या विचार करत आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. एका किलोवॉटला मोकळी गच्ची साधारण शंभर चौरस फूट लागते आणि मुंबईत त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. स्वतंत्र घराला तीन किलोवॉट आणि त्यापुढे एकूण ७८,००० रुपये. ठेकेदाराकडून २१ डिसेंबरच्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजताच्या सावलीचा नकाशा लेखी मागावा. आणि कबुतरांचा बंदोबस्त करावा. पावसाळा धूळ धुतो, पण कबुतराची वाळलेली विष्ठा पहिल्या चार पावसांना दाद देत नाही, आणि तेवढा ठिपकासुद्धा जिन्यात थांबलेला माणूसच असतो.

जेवायला भाचेसुनेने आमरस-पुरी केली होती. सेक्रेटरीही जेवायला थांबले आणि शेवटपर्यंत त्या सहा पॅनेलविषयीच बोलले.

तिसरा दिवस, १५ मे : चर्चगेट आणि मरीन ड्राइव्ह

मुंबईचे अक्षांश १९ च्या आसपास आहे, त्यामुळे वर्षातून दोन दिवस सूर्य इथे बरोबर डोक्यावरून जातो. एक दिवस मेच्या मध्यावर, दुसरा जुलैच्या अखेरीस; आणि दुसऱ्या वेळी आकाश ढगांनी भरलेले असते. शून्य सावलीचा हा क्षण घड्याळाच्या बाराला येत नाही. मुंबई प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरीच पश्चिमेला असल्याने तो दुपारी सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी येतो. यासाठीच मे निवडला होता.

त्याआधी चर्चगेटजवळ एका जुन्या विद्यार्थ्याच्या कार्यालयात गेले. तिथून जवळच ब्रेबर्न स्टेडियम आहे. २०१७ मध्ये क्रिकेट क्लबच्या या स्टेडियमच्या छपरांवर ८२०.८ किलोवॉटची पॅनेल बसवली गेली आणि वर्षाला अकरा लाखांहून अधिक युनिट मिळतील असा अंदाज तेव्हा दिला गेला होता. दिवसाला किलोवॉटमागे चार युनिट हा मुलुंडचा हिशेब इथेही लावून पाहिला, जवळपास जुळला. प्रेक्षकांवर सावली धरण्यासाठी बांधलेले छप्पर विजेच्या कामी यावे, ही रचना मला आवडली.

त्याच रस्त्याने पुढे गेले की मरीन ड्राइव्हच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती लागतात. ओव्हल मैदानाच्या परिसरासह त्या २०१८ मध्ये जागतिक वारशात गेल्या आहेत, आणि त्यांच्या दर्शनी भागावर कोणी निळे चौकोन ठोकू म्हटले तर मीच विरोध करीन. पॅनेलचा तो निळा रंग मुळात सिलिकॉनचा नाहीच. परावर्तन कमी करण्यासाठी वर दिलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या थराचा तो आहे, जाडी साधारण ७५ नॅनोमीटर. जाडी बदलली की रंग बदलतो, म्हणून विटकरी, करडी किंवा हिरवट पॅनेलही बनवता येतात. मात्र जो रंग आपल्या डोळ्यांत परत येतो तेवढा प्रकाश विजेला मुकतो. रंगाची खरी मौज ग्रेट्झेल आणि ओ'रीगन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या रंजकद्रव्याच्या घटांत आहे; त्यांत प्रकाश टिपायचे काम रंगच करतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे एका सभागृहाच्या दर्शनी काचांत २०१४ मध्ये असे लाल-केशरी-हिरवे घट बसवले आहेत. काच, सावली आणि वीज तिन्ही एकाच वस्तूत. गिरगावातल्या कौलांच्या रंगाचे असे काही निघाले तर आत्या नक्की विचार करील.

सव्वाबाराला मी स्टीलची बाटली कठड्यावर उभी करून बसले. शेजारी दोन महाविद्यालयीन मुली आणि एक चणेवाला येऊन उभे राहिले. बाटलीची सावली आखडत आखडत बुडाशी चंद्रकोरीएवढी उरली, आणि १२ वाजून ३२ मिनिटांनी समुद्रावरून आलेला एक ढग सूर्यावर आला. तो सात मिनिटे हलला नाही. चणेवाला म्हणाला, "ताई, वर्षभर थांबा आता." ढग सरला तेव्हा बाटलीच्या पूर्वेला सावलीची बारीक रेघ दिसायला लागली होती. माझी मात्र पूर्ण निराशा झाली नाही, कारण ढगाखालीही पिशवीतल्या वाकणाऱ्या पॅनेलवरचा दिवा, मंद का होईना, भरत होता.

बाटली हुकली तरी समोरच्या इमारतींनी मला हवे ते दाखवले. ऊन आल्याबरोबर मी मान वर केली, आणि एकाही भिंतीवर सूर्य नव्हता. छज्जे, गच्च्या आणि रस्ते पांढरेफटक, भिंती साऱ्या मंद. जर्मनीत लोक बाल्कनीच्या कठड्याला पॅनेल टांगतात आणि तिथल्या नियमानुसार २०२४ पासून ८०० वॉटपर्यंत वीज घराच्या साध्या सॉकेटमधून सोडता येते. आपल्याकडेही तसे करावे, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. पण बर्लिनचा सूर्य जूनच्या दुपारीही ६१ अंशांवर थांबतो, त्यामुळे तिथे दक्षिणेच्या भिंतीवर वर्षभर ऊन असते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दक्षिणेची भिंत सावलीतच राहते. इथल्या भिंतींना मिळते ते पूर्वेचे सकाळचे आणि पश्चिमेचे संध्याकाळचे ऊन, आणि दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्याचे. मुंबईच्या कठड्यावर पॅनेल लावायचेच असेल तर ते छज्ज्यासारखे बाहेर आडवे काढावे लागेल, म्हणजे खालच्या खिडकीला सावलीही मिळेल. हे मी घरबसल्या गणित मांडून सांगू शकले असते. पण सव्वीस वर्षांत मांडले नव्हते.

टीप : या दिवशी टोपी आणि पाणी हवेच, आणि जागा मरीन ड्राइव्हपेक्षा झाडाजवळची निवडावी. संध्याकाळपर्यंत माझे डोके ठणकत होते.

चौथा दिवस, १६ मे : पवई

पवईला आयआयटीत माझी एक विद्यार्थिनी संशोधन करते. प्रयोगशाळेत जायला आधी परवानगी घ्यावी लागते. ती मी घेतली नव्हती, म्हणून आम्ही बाहेर चहा घेतला. सौर प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र या संस्थेत २०१० पासून आहे. येताना तिने डबीत घालून दोन काचा आणल्या होत्या, दोन्ही फुकट गेलेल्या. एक गर्द तपकिरी होती, दुसरी हळदीसारखी पिवळी.

"मॅडम, दोन्ही एकाच दिवशी बनवल्या. पिवळी चुकून बाहेर राहिली," ती म्हणाली. हा पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थांच्या गटातला थर. प्रकाशाने वीज निर्माण होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकेरेलने पाहिले १८३९ मध्ये, आणि या गटाला ज्याचे नाव मिळाले ते खनिज उरल पर्वतात सापडले तेही १८३९ मध्येच. दोघांची गाठ पडायला २००९ साल उजाडले. जपानच्या त्सुतोमू मियासाका यांच्या त्या पहिल्या घटाची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज ती २६ टक्क्यांपुढे आहे आणि तिथवर यायला सिलिकॉनला पन्नासहून अधिक वर्षे लागली होती. द्रावण काचेवर फिरवून पसरायचे, गरम करायचे, की थर तयार; घावन घालण्यासारखेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो सिलिकॉनच्या वर बसवता येतो. एकट्या सिलिकॉनला साऱ्या रंगांचा प्रकाश सारख्याच कामाला लावता येत नाही. निळ्या किरणांची जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या हिशेबाच्या पद्धतीने एकेरी घटाची मर्यादा आज साधारण ३३ टक्के येते. वर पेरोव्हस्काइट निळा-हिरवा प्रकाश घेतो, खाली सिलिकॉन तांबडा आणि अवरक्त. अशा जोडघटांनी प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडले आहेत.

अडचण त्या पिवळ्या काचेत होती. ओल लागली की तपकिरी थर फुटतो आणि शिसे-आयोडाइड उरते, ते पिवळे. त्या दिवशी पवईत हवा इतकी दमट होती की चहाच्या टेबलावर हाताचा ठसा उमटत होता. मी म्हटले, "अगं, मग मुंबईत कशाला करता हे काम?" ती हसून म्हणाली, "इथे टिकलं तर कुठेही टिकेल, मॅडम." काचेच्या दोन थरांत कडा पक्क्या बंद करणे, आतल्या रेणूंची अदलाबदल करणे, यावरच तिचे दिवस जातात. शिशाची काळजी मी बोलून दाखवली. तिने ती उडवून लावली नाही, हे मला बरे वाटले. याच पदार्थाचे घट खोलीतल्या दिव्यावरही उत्तम चालतात, असे ती म्हणाली, तेव्हा मी पिशवीतून आत्याचा कॅल्क्युलेटर काढून तिला दाखवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्याचे वय विचारले. आत्याच्या म्हणण्यानुसार तो या विद्यार्थिनीपेक्षा मोठा आहे.

पिवळी काच मी मागितली. शिसे असल्यामुळे तिने ती दिली नाही, आणि ते बरोबरच केले.

रात्री गाडीत बसल्यावर आत्याचा फोन आला. वाकणारे पॅनेल मी तिच्याकडेच ठेवले होते. पहिल्या दिवशी ती त्याला हात लावायला तयार नव्हती. आता ते चिमट्यांनी वळणीवर अडकवले आहे आणि ऊन सरकेल तसे काठीने पुढे ढकलते आहे, पहिल्या खांबापासून तिसऱ्यापर्यंत. दिवा रात्री नऊपर्यंत पुरतो, पोथी वाचून होते. "आज मात्र चारलाच काढून आत घेतलं," ती म्हणाली. "पश्चिमेकडून काळं आलंय. कपडेही घेतले. आणि तू माझा कॅल्क्युलेटर नेलास का गं?"